सोन्याचा कस आणि चेहऱ्यावरील सुई

जळगावच्या सराफ बाजारात एखादी गृहिणी पाटल्यांची जोडी घ्यावयास येते तेव्हा तिच्या वागण्यातला सहज अधिकार पाहण्यासारखा असतो. दागिना हातात घेऊन ती आधी त्याचे वजन तळव्यावर जोखते, मग भिंगाखाली हॉलमार्कची खूण आणि तिच्याशेजारचा सहा अक्षरांकांचा संकेत पाहते, घडणावळ किती आणि घट किती याचा हिशेब दोनदा करवून घेते, आणि पक्की पावती हाती पडल्याशिवाय पेढीची पायरी उतरत नाही. या चौकसपणाबद्दल तिला कोणी आगाऊ म्हणत नाही. उलट असे जाणते गिऱ्हाईक सराफालाही आवडते. हीच गृहिणी महिन्याभराने एखाद्या माडीवरच्या त्वचा-चिकित्सालयात, डोळ्यांखालचे खड्डे अथवा नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरलेल्या घड्या भरून घेण्यासाठी जाते, तेव्हा मात्र कोणता पदार्थ, कोणाच्या हातून आणि किती मात्रेने आपल्या चेहऱ्यात जाणार आहे, हे विचारण्याचे तिला धैर्य होत नाही.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. सोने घेणे हे आपल्याकडे संसारातले शहाणपण मानले जाते, तर पन्नाशीकडे झुकलेल्या स्त्रीने (आणि पुरुषाने तर त्याहूनही) आपल्या रूपाची काळजी वाहणे हा हलकेपणा समजला जातो. म्हणून ती घरी दुसरेच काही निमित्त सांगून निघते, शेजारणीची दृष्टी चुकवून जिना चढते, आणि जितक्या लवकर हे आटोपेल तितके बरे या घाईत समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करते. या उपचाराविषयी जे काही मी गेल्या काही महिन्यांत वाचले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, सुईपेक्षा ही गुप्तता अधिक अपायकारक आहे.

मला हा विषय समजून घ्यावा लागला तो धुळ्यात राहणाऱ्या माझ्या एका चुलत बहिणीमुळे. गेल्या फाल्गुनात तिचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर आवाज खाली नेऊन ती म्हणाली, "दादा, तू एवढं वाचतोस म्हणून विचारते; पण घरात कोणाला बोलू नकोस." दोन वर्षांपासून तिचे गाल बसले होते, आणि भेटेल तो माणूस आजारी होतीस का असे विचारत असे, याचा तिला मनापासून शीण आला होता. किराण्याच्या यादीच्या पाठीमागे तिने आपले प्रश्न लिहून ठेवले होते, आणि प्रत्येक प्रश्न वाचून झाल्यावर ती घरच्या अहिराणीत तेच पुन्हा म्हणत असे, "मंग काय व्हई?"

तिचा पहिला प्रश्न पदार्थाच्या नावाविषयी होता, आणि तो मला अगदी रास्त वाटला. आज वापरात असलेले बहुसंख्य फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचावयाचे भराव, ज्या द्रव्याचे असतात त्याचे नाव हायलुरॉनिक अ‍ॅसिड. आणि अ‍ॅसिड हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतून आपल्यासमोर येतो तो मुलींच्या चेहऱ्यांची राखरांगोळी करणाऱ्या तेजाबाच्या संदर्भात. वस्तुतः या द्रव्यात दाहकता मुळीच नाही. 1934 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर या दोन संशोधकांनी गाई-बैलांच्या डोळ्यांतील पारदर्शक गरातून ते प्रथम वेगळे काढले, आणि काचेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. आपल्या त्वचेत, सांध्यांच्या वंगणात आणि डोळ्यांत ते निसर्गतःच असते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात त्याचा एकूण साठा सुमारे 15 ग्रॅम, आणि त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नवा तयार होत असतो. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुण. परंतु नैसर्गिक रूपात टोचले तर ते दोन-चार दिवसांतच विरून जाईल, म्हणून त्याच्या लांबलचक साखळ्या एका रसायनाने एकमेकींत गुंफून त्याची दाट लगदी तयार करतात, आणि ती त्वचेखाली भराव म्हणून घालतात.

दुसरा प्रश्न खास आपल्याकडचा होता: हे प्राण्यापासून काढलेले असते काय? जळगाव-धुळ्याकडे जैन कुटुंबे पुष्कळ, माळकऱ्यांची घरेही पुष्कळ. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला हसणारा वैद्य आपल्या व्यवसायास उणेपणा आणतो असेच मी म्हणेन. पूर्वी हे द्रव्य कोंबड्यांच्या तुऱ्यांपासून काढीत. त्याच्याही आधी, 1981 साली अमेरिकेत ज्याला प्रथम मान्यता मिळाली तो भराव गाईच्या कातडीतील कोलॅजेनचा होता, आणि तो कित्येकांना बाधत असल्यामुळे आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. आजचे हायलुरॉनिक अ‍ॅसिड बहुतेक सर्वत्र जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, म्हणजे मूळ द्रव्यात प्राण्याचा अंश नसतो. मात्र हा भराव प्रसंगी विरघळवण्यासाठी हायलुरॉनिडेज नावाचे जे औषध वापरतात ते बहुधा मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या अंडग्रंथींपासून काढलेले असते. ज्यांना व्रताची अडचण आहे त्यांनी ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी, कारण त्या औषधाची गरज पडते तेव्हा विचार करावयास वेळ उरलेला नसतो. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्यांना पूर्वी जबर प्रतिक्रिया आली असेल, त्यांनीही ते वैद्याला सांगितले पाहिजे. हे औषध त्यांनाही बाधण्याचा संभव असतो.

बोटॉक्स आणि फिलर यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते, ती दोन वाक्यांत मिटेल. बोटॉक्स स्नायूचे आकुंचन काही महिने थांबवते, म्हणून कपाळावरच्या आठ्यांना ते उपयोगी. फिलर हा रिकाम्या झालेल्या जागेचा भराव आहे. वय वाढते तसे चेहऱ्यातील चरबीचे गादीसारखे थर आक्रसतात आणि खाली सरकतात, जबड्याचे व डोळ्यांच्या खोबणीचे हाड झिजते, दाढा काढल्या असतील तर गाल आणखी आत जातात, आणि खानदेशातले ऊन, जे वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते, ते त्वचेतील तंतूंचा ऱ्हास आपल्या परीने त्वरेने घडवून आणते. डोळ्यांखाली केवळ काळेपणा असेल आणि खड्डा नसेल, तर भरावाने तो जात नाही. उलट पातळ त्वचेखाली द्रव्य फार वर घातले गेले तर तेथे निळसर छटा दिसू लागते. अशा रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

"कायमचं करून मिळतं का?" हा प्रश्न माझ्या बहिणीने आशेने विचारला होता, आणि या आशेने गेल्या सव्वाशे वर्षांत फार अनर्थ केला आहे. 1899 साली व्हिएन्नातील रॉबर्ट गेर्सुनी या शल्यवैद्याने शरीरातील उणीव भरून काढण्यासाठी व्हॅसलीनसारखे खनिज द्रव्य टोचले. मागोमाग पॅराफिन मेण चेहऱ्यात घालण्याची लाट युरोपात उसळली. आरंभी नाके सरळ झाली, गाल भरले, सर्वजण प्रसन्न झाले. काही वर्षांनी तेच मेण जागा सोडून सरकू लागले, त्याच्याभोवती कठीण गाठी धरल्या, त्वचा फुटली, आणि ते काढता काढता चेहरेच विद्रूप झाले. पुढे द्रवरूप सिलिकोनने हीच कथा पुन्हा घडवली. जे विरघळवता येत नाही ते चुकले तर दुरुस्त करता येत नाही, एवढे यातून ध्यानी आले, तर भरावाचे तात्पुरतेपण हा दोष न वाटता सुरक्षिततेची सोय वाटू लागेल. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा परिणाम सामान्यतः सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो असे सांगतात. चुंबकीय प्रतिमांच्या तपासणीत मात्र त्याचे अवशेष कित्येक वर्षांनंतरही आढळले आहेत, म्हणून दर वर्षी ठराविक तिथीला पुन्हा भरून घेण्याची घाई करू नये. उपचार सोडून दिला तर चेहरा पूर्वीपेक्षा लोंबतो, ही भीती निराधार आहे. तो हळूहळू मूळ स्थितीकडे येतो, आणि मधल्या काळात वय जेवढे पुढे गेले तेवढेच दिसते.

सूज, लालसरपणा, काळेनिळे डाग आणि दाबल्यास दुखणे, हे बहुतेकांना काही दिवस होतेच. ओठांना सर्वांत जास्त. सावळ्या त्वचेवर सुईच्या खुणांच्या जागी काळसर ठिपके काही आठवडे राहू शकतात, आणि पाश्चात्त्यांची गोरी कातडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या जाहिरातींत याचा उल्लेख नसतो. या ठिकाणी आपल्या लगीनसराईचा विचार करणे भाग आहे. हळद तीन दिवसांवर आली असताना नवरी मुलगी ओठांना किंवा गालांना भराव घ्यावयास येते. मग सुजलेल्या चेहऱ्यावर पाच सुवासिनी हळद चोळतात, त्याआधी कोणी मालीश केलेले असते, मांडवात उष्मा असतो, आणि जेथे टोचून जेमतेम तीन दिवस झाले तेथे दाब, उष्णता आणि अस्वच्छ हात हे तिन्ही एकत्र येतात. लग्नाआधी किमान एक महिना हे काम उरकावे, किंवा लग्नानंतर करावे. ओठांवर तापाचे फोड (हर्पिस) उठण्याची प्रवृत्ती असेल तर ते आधी सांगावे. तोंडावर पिकलेले पुरळ किंवा कोठलाही जंतुसंसर्ग असेल, दातांचे काम चालू असेल, तर पुढची तारीख घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा विचारच तूर्त बाजूला ठेवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचल्यावर डाग वाढतात हे खरे, परंतु हृदयासाठी घेतलेली ती गोळी चेहऱ्यासाठी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आता ज्या संकटासाठी हा सारा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. चेहऱ्याच्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे जाळे फार दाट आहे, आणि त्यांतील काही वाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या आहेत. सुईचे टोक चुकून वाहिनीत शिरले आणि दाबाने भराव आत गेला, तर त्या वाहिनीचा मार्ग बंद होतो. त्वचेपुरते झाले तर ती जागा एकाएकी पांढुरकी पडते, मग जाळीदार जांभळी होते, दाबून सोडल्यावर रंग परत यावयास उशीर लागतो, अपेक्षेपेक्षा अधिक वेदना होते, आणि उपाय न झाल्यास एक-दोन दिवसांत फोड येऊन कातडी मरते. कधी कधी बधिरतेच्या औषधामुळे वेदना जाणवतही नाही, म्हणून रंगाकडे लक्ष ठेवणे महत्त्वाचे. भराव उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीत गेला तर काही क्षणांत एका डोळ्याची दृष्टी जाते. डोळ्यात कळ येते, डोके दुखते, मळमळते, पापणी खाली येते. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात अशा दृष्टिनाशाच्या 98 घटना 2015 पर्यंत एकत्र नोंदल्या गेल्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत आणखी 48 नोंदल्या गेल्या. कोट्यवधी उपचारांच्या मानाने ही संख्या लहान आहे हे मान्य. पण ज्याचा डोळा जातो त्याला प्रमाणाचे समाधान पुरत नाही. या घटनांत दोन भुवयांमधली जागा आणि नाक ही ठिकाणे सर्वांत अधिक आढळतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना अनपेक्षित वाटेल: पहिल्या 98 घटनांपैकी जवळजवळ निम्म्या, रुग्णाच्याच शरीरातून काढलेली चरबी टोचल्यामुळे घडलेल्या आहेत. आपलीच चरबी म्हणून ती निर्धोक, हे अनुमान बरोबर नाही.

हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या बाबतीत हायलुरॉनिडेज वेळेवर आणि पुरेशा मात्रेत दिले तर त्वचा बहुधा वाचवता येते. नेत्रपटल मात्र रक्तावाचून साधारण दीड तासापलीकडे तग धरत नाही, आणि त्या अवधीत सर्व काही केले तरी दृष्टी परत येईलच असे कोणी सांगू शकत नाही. हा अवधी मनात धरून आपल्या जिल्ह्यांचा नकाशा पाहावा. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर आहे. मोठ्या शहरात काम चांगले होते आणि ओळखीचे कोणी भेटत नाही, या दुहेरी विचाराने आपली माणसे मुंबई-पुण्याला जातात, दुपारी उपचार घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. गाडीत ओठाच्या वर जांभळी जाळी दिसू लागली तर ती आरशात पाहणारी स्त्री शेजारी बसलेल्या माणसाला काय सांगणार, जर तिने घरी दाताचे कारण सांगितले असेल? दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या किंवा जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती गेलीच, तर कोणते द्रव्य, किती आणि कोठे घातले हे तेथील डॉक्टरांना कोण सांगणार? गुप्ततेचा अपाय मी म्हणतो तो हा. बाहेरगावी उपचार घेणाऱ्याने निदान एक रात्र त्या गावात काढावी, आणि घरातील एका तरी माणसाला सर्व काही सांगून ठेवावे.

वैद्याला विचारावयाचे ते थोडके आहे आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आणि तिचा क्रमांक, म्हणजे जुन्या भाषेत त्याची सनद. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी या विषयातील पदवी. हायलुरॉनिडेज आत्ता, या कपाटात, मुदतीच्या आतले आहे काय. आणि रात्री फोन केला तर कोण उचलील. बोथट नळी वापरणे, अगदी सावकाश आणि थोडे थोडे टोचणे यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जो तो नाहीसा होतो म्हणून सांगतो त्याच्याकडून उठून यावे. सौंदर्यप्रसाधन केंद्रातील बाईने, तिचा हात इतर कामात कितीही चांगला असो, हे करणे योग्य नाही. बिनसुईचे पेन म्हणून जे उपकरण दाखवतात त्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 साली स्पष्ट इशारा दिलेला आहे.

वस्तूचा कस असा पाहावा: भारतात फिलर 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात, आणि वेष्टनावर उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, गट क्रमांक, मुदत आणि कमाल किंमत असली पाहिजे. वेष्टन आपल्या समोर फोडावे. एका सिरिंजमध्ये बहुधा एक मिलिलिटर असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा; उरलेले "पुढच्या वेळेला" म्हणून ठेवू देऊ नये, आणि दुसऱ्या कोणाचे उरलेले स्वतः घेऊ नये. बहुतेक वेष्टनांत गट क्रमांकाच्या चिकटपट्ट्या असतात, त्यांतली एक आपल्या कागदावर लावून मागावी. विमा या खर्चाला लागू होत नाही, आणि आरोग्यसेवेला असलेली जी.एस.टी.ची माफीही जन्मजात व्यंग किंवा अपघाताची दुरुस्ती वगळता सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही, तेव्हा सर्व खर्चाचा आकडा आधीच लेखी घ्यावा. आपल्या उपचाराचे कागद मागितल्यापासून 72 तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर 2002 च्या आचारनियमांनी घातलेले आहे. आणि पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ठरवून टाकले आहे, त्यामुळे फिर्यादीची वेळ आलीच तर तिच्यासाठी जिल्ह्याचे ग्राहक आयोग आहे.

राहिला हलकेपणाचा आक्षेप. चेहरा सावरण्याची इच्छा परकीयांकडून आलेली आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कावसजीची हकीकत आठवावी. टिपूशी झालेल्या 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला हा मराठा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज वैद्यांनी ते पाहिले, लंडनच्या एका मासिकात 1794 साली त्याचे वर्णन आले, आणि ते वाचून वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजी नाकावाचून जिवंत राहू शकला असता, पण चारचौघांत वावरणे त्याला जड गेले असते. एच.आय.व्ही.वरील जुन्या औषधांनी ज्यांचे गाल खोल गेले आणि त्या गालांवरूनच लोकांनी ज्यांचा रोग ओळखला, अशा रुग्णांसाठी 2004 साली अमेरिकेत एका भरावाला मान्यता मिळाली, ती याच भावनेने. माझ्या बहिणीला कोणताही रोग नव्हता. पण दिवसातून तीनदा "आजारी होतीस का?" हे ऐकणे काय असते ते तिचे तिलाच माहीत, आणि त्यातून सुटावेसे वाटले म्हणून तिला कमी लेखण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही.

ती शेवटी गेली, आणि सुनेला बरोबर घेऊन गेली. यादीतला प्रत्येक प्रश्न तिने विचारला. डॉक्टरांनी औषधाचे कपाट उघडून दाखवले, आणि दाढेचे काम चालू आहे हे कळल्यावर तिला तसेच परत पाठवून तीन आठवड्यांनी बोलावले. आषाढात तिचे गाल भरून झाले, अगदी थोडे. एवढे थोडे की तब्येत सुधारली का, असे आता लोक विचारतात. पाटल्यांच्या पावत्या ज्या पत्र्याच्या डब्यात आहेत त्यातच गट क्रमांकाची चिकटपट्टी लावलेला तो कागद तिने ठेवला आहे, आणि डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर सुनेने आपल्या हाताने त्याच्या पाठीवर लिहिला आहे.